थांबवणारा मज्जातंतू

स्वस्थ बसलेल्या निरोगी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला साधारण सत्तर ते पंच्याहत्तर ठोके देते. परंतु त्याच हृदयावरचा मज्जासंस्थेचा सगळा प्रभाव औषधांनी काढून घेतला, तर मंदावण्याऐवजी ते शंभरच्या आसपास धावू लागते. विश्रांतीच्या वेळी मज्जासंस्था हृदयाला हाकत नसते, आवरून धरत असते, असा याचा अर्थ होतो. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात ही गोष्ट आज चार ओळींत आटोपते, पण ती कळायला आणि, त्याहून कठीण म्हणजे, पटायला युरोपातील शरीरक्रियाशास्त्राला शतकाहून अधिक काळ लागला. ठोका नेमका कोठे उत्पन्न होतो हा प्रश्न अवघड होताच, पण उत्तेजित झालेला मज्जातंतू एखादे काम सुरू करण्याऐवजी बंदही पाडू शकतो, ही साधी कल्पना स्वीकारणे त्याहून अवघड गेले.

हृदय स्वतःच्या बळावर चालते की मेंदूच्या आज्ञेवर, हा वाद फार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन याने प्राण्याच्या छातीतून बाहेर काढलेले हृदयही काही काळ स्पंदत राहते हे पाहिले होते आणि स्पंदनाची शक्ती हृदयातच वसते असा निष्कर्ष काढला होता. सतराव्या शतकात हे मत मागे पडले. इंग्लंडमधील वैद्य रिचर्ड लोअर यांनी १६६९ साली प्रसिद्ध केलेल्या हृदयविषयक ग्रंथात एक नोंद आहे : मेंदूच्या तळाशी उगम पावून मान आणि छातीतून थेट पोटापर्यंत उतरणारी ‘व्हेगस’ नावाची जी मज्जातंतूंची जोडी असते, ती कुत्र्याच्या मानेत दोऱ्याने आवळून बांधली, की आतापर्यंत शांतपणे चाललेले हृदय धडधडू लागते. मेंदूकडून मज्जातंतूंवाटे झिरपणाऱ्या कुठल्याशा सूक्ष्म द्रव्यावर हृदय पोसले जाते आणि तो पुरवठा तुटल्यामुळे ते बिथरते, असे लोअर यांना त्यातून दिसले. आवर सुटल्यामुळे हृदय धावू लागले, हा आज उघड वाटणारा अर्थ त्यांच्या मनाला शिवला नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही, कारण मज्जातंतूकडे आवर घालण्याचे काम असू शकते हे तोवर कोणाच्याच गावी नव्हते. पुढच्या शतकात अल्ब्रेख्ट फॉन हालर यांनी स्नायूची उत्तेजनक्षमता मज्जातंतूंपासून स्वतंत्र असते असे प्रतिपादून पारडे पुन्हा हृदयाच्या बाजूला झुकवले. १८१२ साली फ्रान्समध्ये सेझार लेगालवा यांनी सशाच्या मज्जारज्जूचे भाग नष्ट करून केलेल्या प्रयोगांनी ते परत मज्जासंस्थेकडे नेले. दोन्ही पक्षांना एक गोष्ट मात्र सारखीच मान्य होती, ती म्हणजे मज्जातंतू हा चाबूक आहे, वाद फक्त हृदयाला चाबकाची गरज आहे की नाही एवढाच.

या समजुतीला तडा गेला तो १८४५ मध्ये. त्या वर्षी नेपल्स येथे भरलेल्या इटालियन शास्त्रज्ञांच्या परिषदेत लाइपझिगच्या एर्न्स्ट हाइनरिश वेबर यांनी आपण आणि आपले धाकटे बंधू एडुआर्ड यांनी मिळून केलेला एक प्रयोग सादर केला. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावल्यानंतर चुंबकाजवळ वेटोळे फिरवून विजेचे धक्के एकामागून एक झपाट्याने देणारी यंत्रे तयार होऊ लागली होती. वेबर बंधूंनी असे यंत्र बेडकाच्या मेंदूला आणि मज्जारज्जूला जोडले, आणि हृदयाचे ठोके थांबले. मग एकेक भाग वगळत ते पुढे सरकले, तेव्हा हा परिणाम लंबमज्जा या मेंदूच्या सर्वांत खालच्या भागातून होतो आणि तो हृदयापर्यंत पोहोचवणारे तंतू व्हेगसमध्ये आहेत, असे आढळले. दोन्ही बाजूंच्या व्हेगसला धक्के देत राहावे, तोवर हृदय निश्चल राहते; धक्के बंद केले की थोड्या वेळाने ते आपसूक पुन्हा चालू लागते. यातला निर्णायक तपशील असा की थांबलेले हृदय पेटका आल्यासारखे आवळलेले नसते, ते सैल, शिथिल आणि रक्ताने भरून फुगलेले असते. विजेने स्नायू आखडून ठोके बंद पडले असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरली नाही.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ फोल्कमान यांना असाच परिणाम काही वर्षे आधी दिसला होता. त्यांनी त्याला महत्त्व दिले नाही. वेबर बंधूंचे श्रेय डोळ्यांना दिसले त्यावर विश्वास ठेवण्यात आहे. विश्वास न ठेवणारेही पुष्कळ होते. मोरित्स शिफ आणि त्यांच्या पक्षाचे म्हणणे असे की व्हेगस हा हृदयाला चालवणाराच मज्जातंतू आहे, जोरदार धक्क्यांनी तो थकतो म्हणून हृदय थांबते, आणि धक्के पुरेसे सौम्य ठेवले तर हृदय जलद चालते. हे सौम्य धक्क्यांचे निरीक्षण सर्वस्वी खोटे नव्हते, हीच या वादातली गोम होती, आणि तिचा उलगडा व्हायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. दरम्यान १८५७ मध्ये एडुआर्ड फ्ल्यूगर यांनी आतड्याची हालचाल थांबवणारे मज्जातंतू दाखवून दिले, तेव्हा कुठे वेबर यांचा शोध एकट्या हृदयापुरता अपवाद आहे असे म्हणणाऱ्यांची अडचण झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाचे माहेरघर लाइपझिग हेच राहिले, पण आता ते कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेमुळे. फिरत्या नळकांड्यावरच्या काजळी धरलेल्या कागदावर रक्तदाबाची रेघ उमटवणारे ‘कायमोग्राफ’ हे यंत्र लुडविग यांनी १८४७ च्या सुमारास उपयोगात आणले, आणि कुत्र्याच्या हृदयाची गती श्वास घेताना वाढते व सोडताना उतरते हे त्या रेघेतच त्यांना प्रथम दिसले. हृदयाला जलद करणारे मज्जातंतूही असतात, आणि ते व्हेगसमधून न येता मज्जारज्जूच्या वक्षभागातून निघून पाठीच्या कण्यालगतच्या गंडिकांमधून, म्हणजे मज्जापेशींच्या छोट्या गाठींमधून, येतात, हे १८६० च्या दशकात आल्बर्ट फॉन बेझोल्ड आणि त्यांच्या पाठोपाठ त्सिऑन बंधूंनी दाखवले. एलियास त्सिऑन आणि लुडविग यांनी १८६६ मध्ये आणखी एक मज्जातंतू शोधला, तो महारोहिणीच्या बाजूने मेंदूकडे बातमी नेणारा. त्याचे मेंदूकडचे टोक उत्तेजित केले की रक्तदाब उतरतो आणि हृदय मंदावते. हृदयाचे नियंत्रण हे एकतर्फी आज्ञापालन नसून बातमी आणि प्रतिसाद यांचे वर्तुळ आहे, ही कल्पना येथून सुरू होते.

एवढे होऊनही ठोका उत्पन्न कोण करतो, हे ठरले नव्हते. हेर्मान स्टानियुस यांनी १८५२ मध्ये बेडकाच्या हृदयावर दोरा आवळून केलेला प्रयोग सर्वांना ठाऊक होता. बेडकाच्या हृदयात मोठ्या शिरांचे रक्त प्रथम ‘शिराकोटर’ या पातळ पिशवीत येते, तेथून अलिंदांत म्हणजे वरच्या कप्प्यांत आणि मग निलयात म्हणजे खालच्या जाड कप्प्यात जाते. शिराकोटर आणि अलिंद यांच्या सीमेवर दोरा आवळला की शिराकोटर पूर्वीसारखाच चालत राहतो, पण पुढचे सगळे हृदय थांबते. शिराकोटराच्या भिंतीत मज्जापेशी असल्याचे रोबर्ट रेमाक यांनी आधीच दाखवले होते, त्यामुळे ठोका त्या पेशींतच जन्मतो असे बहुसंख्य शास्त्रज्ञांनी गृहीत धरले. हा तर्क मूर्खपणाचा नव्हता. अमेरिकेच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या नालखेकड्याच्या हृदयात खरोखरच मज्जापेशी ठोका देतात. कशेरुकी प्राण्यांचे हृदय मात्र तसे नाही, आणि हे सिद्ध करण्याचे काम केम्ब्रिजमध्ये वॉल्टर हॉलब्रुक गॅस्केल यांनी केले.

गॅस्केल १८७४ मध्ये लाइपझिगला जाऊन लुडविग यांच्या हाताखाली काम करून आले होते. परत आल्यावर त्यांनी आधी बेडकाचे आणि मग कासवाचे हृदय निवडले, आणि ही निवड फार मोलाची ठरली, कारण कासवाचे हृदय सावकाश चालते, शरीराबाहेर तासन्‌तास तग धरते आणि त्याचे भाग मोठे असल्यामुळे एकेक वेगळा कापता येतो. अलिंद आणि निलय यांच्या मधल्या खाचेत ते एक नाजूक चिमटा बसवत, वरच्या आणि खालच्या भागाला दोऱ्याने एकेक तरफ जोडत आणि दोन्ही तरफांच्या रेघा एकाच कागदावर उमटवत. चिमट्याचा स्क्रू थोडा आवळला की अलिंदाच्या दोन ठोक्यांना निलयाचा एक ठोका पडे. आणखी आवळला की तीन-चार ठोक्यांना एक. आणि शेवटी अलिंद आपल्या गतीने चाललेले असताना निलय पूर्ण सुटा पडे. ठोक्याची लाट मज्जातंतूंवाटे उडी मारून जात असती, तर स्नायूच्या पुलाची रुंदी अशी पायरीपायरीने मोजली गेली नसती. पुढे मज्जापेशींचा मागमूस नसलेली निलयाची पट्टी कापून घेतली, तर तीही योग्य परिस्थितीत तालात आकुंचन पावू लागते, असे त्यांनी १८८३ पर्यंत दाखवून दिले. ठोका स्नायूचा आहे, आणि ज्या भागाचा स्वतःचा ताल सर्वांत जलद त्याच्या मागे बाकीचे हृदय जाते.

शिफ यांच्या सौम्य धक्क्यांचे कोडेही गॅस्केल यांनीच १८८४ मध्ये सोडवले. बेडकाच्या मानेत ज्याला सगळे व्हेगस म्हणत होते, त्यात कवटीबाहेर पडल्याबरोबर हृदयाला जलद करणारे तंतूही येऊन मिसळतात. म्हणजे एकाच दोरीत आवर घालणारे आणि पळवणारे असे दोन्ही धागे वळलेले असतात, आणि धक्क्याची तीव्रता व प्राण्याची अवस्था यांनुसार कधी एकाचा तर कधी दुसऱ्याचा जोर दिसतो. चाळीस वर्षे दोन्ही पक्ष आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत होते. १८८७ मध्ये गॅस्केल यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले, ज्याची त्या वेळी म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. निश्चल कासव-अलिंदाला व्हेगसमधून उत्तेजन दिले की विद्युतमापकाचा काटा आकुंचनाच्या वेळी ज्या बाजूला जातो त्याच्या उलट बाजूला सरकतो. थांबणे ही नुसती निष्क्रियता नसून ती एक सक्रिय क्रिया आहे, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता.

गॅस्केल यांचे केम्ब्रिजमधील सहकारी जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी अंतर्गत इंद्रियांकडे जाणाऱ्या या सगळ्या मज्जातंतूंना १८९८ मध्ये ‘स्वायत्त मज्जासंस्था’ हे नाव दिले आणि पुढे तिच्या वक्ष-कटिभागातील अनुकंपी आणि मेंदू व त्रिकास्थीच्या भागातील परानुकंपी अशा शाखा वेगळ्या केल्या. व्हेगस परानुकंपी शाखेत मोडतो. उरला प्रश्न सस्तन प्राण्यांचा, कारण त्यांच्यात बेडकासारखा सुटा शिराकोटर नसतो. १९०६ च्या उन्हाळ्यात केंट परगण्यातील ब्रेडगर या खेड्यात शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ यांच्या घरी मार्टिन फ्लॅक हा वैद्यकाचा विद्यार्थी हृदयांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असे. कीथ पती-पत्नी एकदा सायकलवरून फेरफटका मारून परतले, तेव्हा फ्लॅकने चिचुंदरीसारख्या ‘मोल’ या बिळवासी प्राण्याच्या हृदयात ऊर्ध्वमहाशीर आणि उजवे अलिंद यांच्या सांध्यावर सापडलेली एक चमत्कारिक रचना त्यांना दाखवली. तेथे तंतुमय जाळ्यात बसलेल्या बारीक, फिकट स्नायूपेशी होत्या आणि त्यांच्याभोवती मज्जातंतूंची दाटी होती. हाच ‘सायनस नोड’, माणसात जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा. दोघांचा लेख १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि विद्युतभारातील पहिला बदल याच जागी उमटतो हे टॉमस लुइस यांनी १९१० मध्ये दाखवल्यावर हृदयाचा ताल धरणारी जागा निश्चित झाली.

मज्जातंतूच्या टोकाशी आलेला संदेश या पेशींना कळतो कसा, याचे उत्तर ऑस्ट्रियातील ग्राझ येथून आले. तेथील औषधशास्त्राचे प्राध्यापक ओटो लोएवी यांना प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली ही हकिकत इतकी सांगितली गेली आहे की प्रयोगच तिच्या सावलीत झाकला जातो. दोन बेडकांची हृदये खारट द्रावणाने भरलेल्या नळीवर टांगलेली, पहिल्याला मज्जातंतू जोडलेला, दुसऱ्याचे सगळे तंतू काढून टाकलेले. पहिल्याच्या व्हेगसला काही मिनिटे उत्तेजन देऊन त्यातील द्रावण दुसऱ्यात घातले, की स्वतःच्या व्हेगसला उत्तेजन मिळावे तसे दुसरे हृदयही मंदावते; पळवणाऱ्या तंतूंच्या उत्तेजनानंतरचे द्रावण घातले, तर ते जलद होते. १९२१ मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांना त्याच निकालाची पुनरावृत्ती जमेना, आणि यामागे तीच जुनी गोम होती : बेडकाचा मिश्र मज्जातंतू ऋतूनुसार कधी आवर घालतो, कधी पळवतो. स्टॉकहोम येथील १९२६ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लोएवी यांनी हा प्रयोग एकाच हृदयजोडीवर अठरा वेळा करून दाखवला. आवर घालणारा पदार्थ म्हणजे असेटिलकोलीन हे त्यानंतर निश्चित झाले. १९२९ मध्ये हेन्री डेल आणि हॅरल्ड डडली यांनी तो बैल आणि घोड्याच्या प्लीहेतून वेगळा काढला, आणि लोएवी व डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दोनच वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया घेतला, ज्यू असलेल्या लोएवींना तुरुंगात टाकले आणि पारितोषिकाची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेत वळवून घेतल्यावरच देश सोडू दिला.

पुढचा टप्पा पेशीत टोचता येतील इतक्या बारीक काचेच्या विद्युताग्रांचा. सायनस नोडमधील पेशीला स्थिर विश्रांती नसते. ठोका संपल्यावर तिच्या पटलावरचा विद्युतदाब उणे साठ मिलिव्होल्टच्या आसपास येतो आणि लगेच हळूहळू वर चढू लागतो, आणि ठरावीक उंबरठा गाठताच पुढचा ठोका पडतो. ही चढण जितकी तीव्र तितकी गती अधिक. होसे देल कास्तियो आणि बर्नार्ड कात्झ यांनी १९५५ मध्ये, आणि त्याच सुमारास ओटो हुटर व वोल्फगांग ट्राउटवाइन यांनी, बेडकाच्या शिराकोटरात दाखवले की व्हेगसच्या उत्तेजनाने ही चढण उतरती होते आणि पेशीचा विद्युतदाब अधिक ऋण होतो. गॅस्केल यांचा काटा उलटा का सरकला, याचा खुलासा सत्तर वर्षांनी झाला. असेटिलकोलीन पटलावरची पोटॅशियमची द्वारे उघडते आणि धन विद्युतभार बाहेर जातो, म्हणून हे घडते. पळवणाऱ्या बाजूचा उलगडा त्यानंतरचा. हिलरी ब्राऊन, दारिओ दिफ्रांचेस्को आणि डेनिस नोबल यांनी १९७९ मध्ये असा एक प्रवाह नोंदवला, जो इतर प्रवाहांच्या रीतीविरुद्ध पटल ऋण झाल्यावर सुरू होतो आणि आत येणाऱ्या सोडियमच्या बळावर पेशीला पुन्हा वर ढकलतो. अनुकंपी तंतूंतून सुटणारे नॉरअॅड्रेनॅलिन पेशीतील चक्रीय एएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढवून हा प्रवाह वाढवते, तर असेटिलकोलीन तेच प्रमाण घटवून तो कमी करते. त्यातही व्हेगसचा परिणाम पुढच्या ठोक्याच्या आतच दिसू शकतो. अनुकंपी तंतूंचा कळसाला जायला बरेच सेकंद लागतात. श्वासागणिक बदलणारी जी गती लुडविग यांच्या कागदावर उमटली, ती व्हेगसखेरीज दुसऱ्या कोणाला साधणारी नव्हती.

अॅट्रोपीन आणि प्रोप्रॅनोलॉल ही औषधे एकत्र देऊन दोन्ही शाखा एकदम गप्प करता येऊ लागल्यावर हृदयाची मूळ गती माणसात मोजता आली. होसे आणि कॉलिसन यांनी १९७० मध्ये दिलेल्या सूत्राप्रमाणे ती विशीत सुमारे १०७ आणि पन्नाशीत सुमारे ९० असते. हृदय इच्छेने थांबवता येते, या योग्यांच्या दाव्याची तपासणीही याच काळातली. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांचे यंत्रांनी मोजमाप करण्याचा जो पायंडा पाडला, त्याच वाटेने पुढे वेंगर, बागची आणि आनंद यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की श्वास रोखून छातीचे स्नायू आवळल्यावर मनगटावरची नाडी लागेनाशी होते, हृदयध्वनी क्षीण होतात, पण विद्युतआलेखावर ठोके पडतच राहतात. शिरांतून हृदयाकडे येणारे रक्त अडले म्हणून नाडी हरवते, सायनस नोडला थांबण्याचा हुकूम मिळालेला नसतो.

मज्जातंतू खरोखरच तोडलेले मानवी हृदय पाहायला मिळाले ते प्रत्यारोपणामुळे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदय-प्रत्यारोपण केले, तेव्हा केपटाउनमधील जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तीन महिनेही झाले नव्हते; के. ई. एम. मधील रुग्ण काही तासांतच दगावला. अन्यत्र जे रुग्ण जगले, त्यांच्या नव्या हृदयाची विश्रांतीतील गती नव्वद ते एकशे दहाच्या घरात राहिली आणि जिना चढताना ती लगेच न वाढता रक्तातून अॅड्रेनॅलिन पोहोचल्यावर सावकाश वाढू लागली. त्या काळी सर्वत्र वापरली जाणारी शस्त्रक्रियेची पद्धत स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे आणि त्यांचे सहकारी रिचर्ड लोअर यांनी बसवली होती. सतराव्या शतकातील लोअर यांच्याशी त्यांचे नामसाम्य निव्वळ योगायोगाचे. या पद्धतीत रुग्णाच्या मूळ अलिंदांचा मागचा भाग तसाच ठेवून त्याला नवे हृदय शिवतात, त्यामुळे एकाच छातीत दोन सायनस नोड राहतात. विद्युतआलेखावर अलिंदांच्या दोन वेगवेगळ्या लहरी दिसतात. जुन्या नोडची लहर मज्जातंतू शाबूत असल्यामुळे श्वासासरशी आणि जोर लावण्यासरशी पुढेमागे होते, पण शिवणीपलीकडे तिचा हुकूम चालत नाही. नव्या नोडची लहर एकसुरी गतीने पडत राहते, आणि रक्त तीच फिरवते.

व्हेगसच्या वाट्याला आलेले सगळेच श्रेय त्याचे आहे का, हा प्रश्न मात्र अलीकडे पुन्हा उभा राहिला आहे. कसलेल्या धावपटूंचे हृदय मिनिटाला चाळीस-पन्नास ठोक्यांवर येते, ते व्हेगसचा जोर वाढल्यामुळे, असे विसाव्या शतकभर सांगितले गेले. २०१४ मध्ये मॅन्चेस्टरच्या संशोधकांनी व्यायामाने कसवलेल्या उंदरांच्या हृदयावरील दोन्ही शाखांचा प्रभाव औषधांनी काढून टाकला, तरी त्यांची गती मंदच राहिली. तपासणीत १९७९ च्या त्या प्रवाहाची द्वारेच नोडच्या पेशींत कमी झालेली आढळली. जुन्या मताच्या पुरस्कर्त्यांनी हा निष्कर्ष माणसाला लावण्यास हरकत घेतली आहे आणि दोन्ही पक्ष आपापली मोजमापे पुढे करत आहेत.